मागचं चाक घरी काढून परत बसवताना: जुन्या स्प्लेंडरवाल्यासाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगमेश्वर तालुक्यातल्या वाडीत राहता, गाडी स्पोकच्या चाकांची जुनी स्प्लेंडर, पंक्चरवाला १४ किलोमीटरवर. मागचं चाक घरीच काढून एसटीनं नेलं आणि संध्याकाळी परत बसवलं तर जमेल का? हत्यारं कोणती लागतील? काय चुकलं तर जिवावर बेतेल? आणि भावाच्या डिस्क ब्रेकच्या गाडीचं पुढचं चाक काढायचं झालं तर वेगळं काय करावं लागतं?

जमेल. रत्नागिरीकडे २६ वर्षं गॅरेज चालवतोय, आणि तुमच्यासारख्या आडबाजूच्या गिऱ्हाइकांना मी स्वतःहून हे काम शिकवतो. पहिल्यांदा दीड-दोन तास लागतील, तिसऱ्यांदा अर्धा तास. चाक काढण्यात धोका जवळजवळ नाही. बसवताना ब्रेकची जोडणी चुकली तर मात्र गाडी माणसाला पाडते, म्हणून या उत्तरात सगळ्यात जास्त जागा त्या जोडणीला दिली आहे. तेवढा भाग दोनदा वाचा.

आधी हत्यारं. एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणाऱ्या दांड्याच्या, नटाला चांगला रिंग पाना किंवा गोटी पाना (सॉकेट) पाहिजे. नटाचं माप गाडीगणिक बदलतं, १७, १९, २२, २४ अशी मापं सापडतात, त्यामुळे आपल्या नटावर पाना लावून बघा आणि त्याच मापाचा रिंग पाना विकत घ्या. स्क्रू पाना आणू नका. त्याचा जबडा जोर लावल्यावर सैल होतो, नटाचे कोपरे गोल करतो, आणि एकदा नट गोल झाला की साधं काम छिन्नी-हातोड्यावर जातं. शिवाय पक्कड, लाकडी किंवा रबरी हातोडा, लाकडाचा एक ठोकळा, ग्रीसचा छोटा डबा, स्वच्छ फडकी, जुन्या ट्यूबची एक पट्टी, दोन नव्या कॉटर पिना (नट गळू नये म्हणून त्यातून आरपार घालायच्या दुपायी पिना) आणि सुटे भाग ठेवायला ताट. ताट म्हणजे खरंच जेवणाचं स्टीलचं ताट. अंगणात गवतात पडलेला वॉशर शोधण्यात गेलेली संध्याकाळ कुणालाही आवडत नाही.

काम कठीण, सपाट जमिनीवरच करा. शेणानं सारवलेलं अंगण किंवा लाल माती असेल तर डबल स्टँडच्या दोन्ही पायांखाली येईल अशी एक रुंद फळी आधी टाका, मग गाडी स्टँडवर घ्या. साधारण ११० किलोची गाडी आहे. तुम्ही एक्सलवर ठोकत असताना स्टँडचा एक पाय मातीत रुतला तर ती तुमच्याच अंगावर येईल. ट्यूबच्या पट्टीनं पुढच्या ब्रेकचा लिव्हर मुठीला आवळून बांधा, म्हणजे पुढचं चाक फिरणार नाही आणि गाडी स्टँडवरून पुढे सरकणार नाही. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दगड लावा. साइड स्टँडवर हे काम कधीही करू नका. ज्या गाड्यांना डबल स्टँडच नसतो, ड्यूक किंवा आर१५ सारख्या, त्यांना पॅडॉक स्टँड, म्हणजे गाडी उचलून धरणारा वेगळा स्टँड, घ्यावाच लागतो. विटांच्या थरावर गाडी टेकवून चाक काढणारे लोक मी पाहिलेत. वीट भारानं मधोमध फुटते आणि फुटण्याआधी सांगत नाही.

सायलेन्सर थंड होऊ द्या. मग मोबाइलवर दोन्ही बाजूंचे जवळून फोटो घ्या: नट, पट्ट्या, ब्रेकची दांडी, चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणा. अनुभवी माणूसही फोटो घेतो, मीही घेतो.

आता उजवी बाजू, म्हणजे ब्रेकची. ब्रेकच्या पायडलकडून एक लांब दांडी मागे येते आणि तिच्या टोकाला हातानं फिरवायचा नट असतो. तो पूर्ण काढा, पायडल थोडं दाबून दांडी ब्रेकच्या आर्ममधून मोकळी करा. दांडीवरची स्प्रिंग आणि आर्ममधली छोटी गोल पिन लगेच दांडीवरच परत ओवून नट दोन आटे चढवून ठेवा. या दोन वस्तू सगळ्यात जास्त हरवतात.

त्याच बाजूला ब्रेक प्लेटपासून चिमट्याकडे जाणारी एक लोखंडी पट्टी दिसेल. चिमटा म्हणजे कंपनीच्या भाषेत स्विंग आर्म, आणि त्या पट्टीला टॉर्क आर्म म्हणतात. तिच्या प्लेटकडच्या टोकाला नट असतो आणि नटातून आरपार कॉटर पिन. पिन सरळ करून ओढून काढा, नट आणि वॉशर ताटात, पट्टी खाली सोडा. या पट्टीची आठवण ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

डाव्या बाजूला, चेनकव्हरच्या मागे, एकावर एक असे दोन नट दिसतील. बाहेरचा लहान तो एक्सलचा नट. त्याच्या आतला मोठा तो स्लीव्ह नट. लहान काढायचा, मोठ्याला हात लावायचा नाही. या गाड्यांची रचना त्यासाठीच केलेली आहे: स्लीव्ह नट स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राला, चिमट्यावर धरून ठेवतो, त्यामुळे चाक निघालं तरी स्प्रॉकेट आणि चेन जागेवरच राहतात. चेनकव्हर उघडावं लागत नाही, चेनचा ताणही बदलत नाही. घाईत दोन्ही नट काढले की सगळा डोलारा लोंबकळतो आणि चेन नव्यानं लावत बसावं लागतं.

नट निघाला की एक्सल उजवीकडून ओढून काढायचा. पुस्तकात हे एका वाक्यात लिहितात, पण आपल्या किनारपट्टीवर खरं काम इथेच असतं. चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा यांनी एक्सल आतल्या नळीला चिकटून बसलेला असतो. अशा वेळी एक्सलच्या आट्यांवर थेट लोखंडी हातोडा मारला तर पहिला आटा पसरतो, मग एक्सलही निघत नाही आणि नटही परत चढत नाही. असं करा: नट एक्सलच्या टोकाशी सपाट येईल इतपत परत चढवा, त्यावर लाकडाचा ठोकळा धरा आणि ठोकळ्यावर हातोडा मारा. हलला की नट काढून जुन्या एक्सलनं किंवा गोल सळीनं पुढे ढकला, दुसऱ्या बाजूनं डोकं धरून डावी-उजवीकडे फिरवत ओढा. अजिबात हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल डाव्या टोकाकडून थोडं सोडा आणि रात्रभर थांबा. तेल ब्रेकच्या बाजूनं मारू नका. ते ड्रममध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या ब्रेकच्या पोकळीत, उतरलं की लायनर (ब्रेकचे घासणारे तुकडे) गेले समजा. काही गाड्यांत एक्सलचं डोकं सायलेन्सरला अडतं, तिथे चाकाखाली फळी सरकवून चाक बोटभर उचललं की वाट मिळते.

एक्सल बाहेर येताच उजवीकडे ब्रेक प्लेट आणि चिमटा यांच्यामधला एक लोखंडी बुश टपकन खाली पडेल. तो कोणत्या बाजूनं कसा होता ते फोटोत बघून ठेवा. त्याच्या जाडीइतकी जागा आता मोकळी झाली. चाक उजवीकडे सरकवायचं, म्हणजे डावीकडच्या रबरी डंपरमधून (स्प्रॉकेटचा झटका पचवणाऱ्या रबरांतून) हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, सुटतं. ब्रेक प्लेट लायनरसकट हबमधून बाहेर काढा, आणि चाक खाली घेऊन मागे ओढा. मडगार्डला अडलं तर दुसऱ्या माणसाला गाडी थोडी डावीकडे कलती धरायला सांगा. म्हणूनच पहिल्या वेळी घरातलं कुणीतरी सोबत ठेवा. टायर पंक्चरच आहे, उरलीसुरली हवा सोडून दिली तर ते दबतं आणि सहज निघतं.

चाक हातात आल्यावर लगेच एसटी पकडायला धावू नका. जी जागा एरवी दिसत नाही ती आज उघडी आहे. बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून हळू फिरवा. गुळगुळीत फिरलं पाहिजे. वाळू दळल्यासारखं लागलं, अडखळलं किंवा कडं बोटाखाली डुगडुगलं तर बेअरिंग बदलायची वेळ झाली. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो तो लिहून न्या. ६३०१ म्हणजे आतला व्यास १२ मिलिमीटर, बाहेरचा ३७, जाडी १२. ६२०२ म्हणजे १५, ३५ आणि ११. दुकानदाराला गाडीचं नाव सांगण्यापेक्षा नंबर सांगा, चूक होत नाही. बेअरिंग बदलणाऱ्यानं हबच्या आत दोन बेअरिंगच्या मधली नळी परत घातली का, हे स्वतः बघा. ती राहिली तर एक्सलचा नट आवळताच दोन्ही बेअरिंगची आतली कडी एकमेकांकडे दाबली जातात आणि नवी बेअरिंगं थोड्याच दिवसांत वाजू लागतात.

डंपरची रबरं हातानं दाबून बघा. फाटलेली, दगडासारखी कडक झालेली किंवा खाचेत सैल खेळणारी रबरं बदला. गिअर टाकताना मागून ‘टक’ असा झटका बसत असेल तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं. लायनरवर जमलेली काळी धूळ तोंडानं किंवा पंपानं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि तुमच्या प्लेटवर कोणत्या काळातले लायनर आहेत ते बघून कळत नाही. लायनर काचेसारखे चकाकत असतील तर पॉलिश पेपरनं वरवर घासा. ब्रेकचा कॅम, म्हणजे ज्याच्या फिरण्यानं लायनर बसवलेले दोन्ही शू पसरतात तो दांडा, त्याला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस पुरे. जास्त लावलं तर तापून वितळतं आणि लायनरवर येतं.

एसटीत चाक नेताना ड्रमच्या तोंडावर फडकं बांधा, म्हणजे कुणाच्या पिशवीतलं तेल किंवा मासळीचं पाणी आत जाणार नाही. पंक्चरवाल्याला दोन गोष्टी सांगा. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवून काटा किंवा खिळा खरंच निघाला का ते बघायचं. करवंदीच्या काट्याचं तुटलेलं टोक टायरमध्ये राहतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर होतं. दुसरं, स्पोकच्या डोक्यांवरची रबरी पट्टी जागेवर बसली आहे ना ते पाहायचं. टायर उलटा केला असेल तर त्याच्या कडेवरचा बाण चाक पुढे फिरण्याच्या दिशेनं आहे का, तेही दुकानातच तपासा. घरी आल्यावर कळलं तर पुन्हा १४ किलोमीटर.

आता बसवायचं. एक्सल पॉलिश पेपरनं घासून गंज काढा, कोरडा पुसा आणि पूर्ण लांबीला ग्रीसचा पातळ हात द्या, आटे सोडून. हे एवढं दर वेळी केलंत तर वर सांगितलेली हातोड्याची कथा पुन्हा घडणार नाही. ग्रीसचे हात धुवा आणि मगच ब्रेक प्लेट उचला. प्लेट हबमध्ये घाला, चाक चिमट्याच्या मध्ये आणा, डावीकडे सरकवा. दाते डंपरच्या खाचांत बसेपर्यंत चाक थोडं मागेपुढे हलवावं लागतं. बसल्यावर फट मिटते आणि उजवीकडे बुशला बरोबर जागा होते. बुशला जागा कमी पडत असेल तर चाक पूर्ण आत गेलेलं नाही. ठोकून बुश घुसवू नका. उजवीकडचा चेन अ‍ॅडजस्टर, चिमटा, बुश, ब्रेक प्लेट, हब, स्लीव्ह या क्रमानं एक्सल हातानं फिरवत सरकला पाहिजे. अडला तर चाक किंचित उचला. नट हातानंच चढवा, अजून आवळू नका.

आणि आता ती पट्टी. ब्रेक दाबला की फिरणारा ड्रम लायनरना धरतो आणि स्वतःबरोबर फिरवू पाहतो. लायनर प्लेटवर बसलेले आहेत, म्हणजे सगळी प्लेटच चाकाबरोबर फिरायला बघते. तिला थांबवते ती फक्त ही टॉर्क आर्मची पट्टी. एक्सल तिला थांबवत नाही, एक्सलवर तर ती मोकळी फिरू शकते. पट्टी जोडायची राहिली, किंवा नट चढवला पण कॉटर पिन घातली नाही आणि नट वाटेत गळून पडला, तर पहिल्या जोरदार ब्रेकला प्लेट गरकन फिरते, ब्रेकची दांडी पिळून तिच्याभोवती गुंडाळते आणि चाक जागच्या जागी जाम होतं.

२०११ च्या पावसात माझ्याकडे अशी एक गाडी टेम्पोतून आली होती. मालकानं घरी चाक बसवलं, काम छान केलं, चेन सरळ, नट घट्ट. पिन मात्र जुनीच होती, काढताना तुटली होती, ‘उद्या घालू’ म्हणून राहिली. बारा दिवस गाडी व्यवस्थित चालली. तेराव्या दिवशी उतारावर गुरं आडवी आली, त्यानं पायडल दाबलं आणि मागचं चाक अडकून गाडी आडवी घसरली. खांदा निखळला, एवढ्यावर निभावलं. दांडी दोरीसारखी पिळलेली होती. ती दांडी अजून माझ्या गॅरेजच्या भिंतीवर टांगलेली आहे, आणि चाकाचं काम शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी ती पहिल्या दिवशी हातात देतो. म्हणून तुम्हाला हत्यारांच्या यादीत दोन नव्या पिना सांगितल्या. पिन दोन रुपयांची असते, जुनी सरळ करून परत वापरायची नाही. जागेवर घातली की दोन्ही पाय विरुद्ध बाजूंना वळवा.

पट्टीचा नट चढवला, दांडी आर्ममध्ये घातली, स्प्रिंग आणि पिनसह मागचा नट लावला, की आवळण्याआधी एक युक्ती करा. सोबतच्या माणसाला ब्रेकचं पायडल जोरात दाबून धरायला सांगा. त्यामुळे दोन्ही लायनर ड्रमला सारखे टेकतात आणि प्लेट आपोआप मधोमध येते. पायडल दाबलेलं असतानाच आधी एक्सलचा नट आणि मग पट्टीचा नट आवळा. ब्रेक लावल्यावर ‘खर्र’ वाजतो, एका बाजूनंच धरतो, लायनर एकाच टोकाला झिजतात, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ही एवढीच गोष्ट राहिलेली असते.

आवळण्याआधी चेनच्या खुणाही बघा. चिमट्यावर दोन्ही बाजूंना रेघा असतात आणि अ‍ॅडजस्टरवर एक खूण. डावीकडची स्लीव्ह नट न हलवल्यामुळे जशीच्या तशी असेल, उजवीकडची तिच्याशी जुळवा. एका बाजूची तिसऱ्या रेघेवर आणि दुसरीची चौथीवर असेल तर चाक तिरकं आहे. गाडी एका बाजूला ओढेल आणि चेन-स्प्रॉकेट अवेळी झिजेल. रेघा गंजून पुसल्या असतील तर चिमट्याच्या पुढच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे टेपनं मोजा. बुलेटच्या जुन्या मॉडेलांत रेघांऐवजी खाचांचा गोल कॅम असतो, तिथे दोन्हीकडच्या खाचा मोजून सारख्या ठेवायच्या. चेनकव्हरचं रबरी झाकण काढून चेन बोटानं वर-खाली करून बघा. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत हा खेळ २० ते ३० मिलिमीटर ठेवतात, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत आहे. चेन तपासताना इंजिन बंदच पाहिजे. स्टँडवर गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेनला फडकं लावणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये गेलेली आहेत. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्याच एका शिकाऊ पोराचं अर्धं बोट असंच गेलं, तेव्हा मी पाठमोरा होतो.

नट किती आवळायचा, हा प्रश्न सगळे विचारतात. पुस्तिकेत टॉर्कचा आकडा दिलेला असतो आणि तो त्याच गाडीचा, दुसऱ्या गाडीचा आकडा इकडे चालत नाही. टॉर्क रेंच नसला तर मासळीवाल्याकडचा लटकवायचा ताणकाटा वापरता येतो. नटाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर पान्याला काटा अडकवा आणि पान्याला काटकोनात ओढा. काट्यावर २० किलो दिसले की नटावर ६ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे ५९ न्यूटन-मीटर टॉर्क आला. पुस्तिकेतल्या किलोग्रॅम-मीटरच्या आकड्याला ०.३ नं भागा (आकडा न्यूटन-मीटरमध्ये असेल तर आधी ९.८ नं भागून घ्या), म्हणजे आपल्याला किती किलो ओढायचे ते कळेल. पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभं राहणं सोडून द्या. त्यानं आटे ताणतात आणि पुढच्या वेळी नट सोडताना एक्सलच तुटतो.

ब्रेकच्या दांडीचा नट फिरवून पायडलचा मोकळा खेळ २० ते ३० मिलिमीटर ठेवा. त्या नटाच्या तोंडाला अर्धगोल खाच असते, ती पिनवर बरोबर बसली पाहिजे. अर्धवट अडकली तर पहिल्याच ब्रेकला जागा सोडते आणि पायडल खाली जातं. मग ब्रेक दाबून आर्मजवळचा बाण बघा. तो प्लेटवरच्या खुणेपर्यंत पोचत असेल तर लायनर संपले, आवळून उपयोग नाही, बदला. चाक हातानं फिरवा. घासण्याचा किंचित आवाज चालतो, जड फिरणं चालत नाही. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो का, तेही बघून घ्या.

पुढचं ड्रमचं चाक त्याहून सोपं आहे. इंजिनखाली लाकडी ठोकळा घाला किंवा मागे कुणाला बसवा, ब्रेकची आणि मीटरची केबल सोडा, एक्सल काढा, चाक खाली येतं. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत मागचं पायडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, त्यामुळे जास्तीची जोडणी दिसली तर सोडण्याआधी फोटो काढा. इथे टॉर्क आर्मची पट्टी नसते. तिचं काम फोर्कच्या पायावरचा एक उंचवटा करतो आणि ब्रेक प्लेटवर त्याच्यासाठी खाच असते. उंचवटा खाचेत बसलाच पाहिजे. नाही बसला तरीही एक्सल आत जातो, नट आवळला जातो, सगळं ठीक दिसतं. बॅटरी लावून डोळ्यांनी बघा आणि बोट फिरवूनही खात्री करा. पुढची प्लेट फिरली तर माणूस हँडलवरून पुढे जातो. मीटरच्या गरारीचे दोन कान हबच्या खाचांत बसल्याशिवाय नट आवळू नका, कान चेपले की मीटर कायमचं बंद.

आता भावाची गाडी. डिस्कच्या गाडीचं पुढचं चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबायचा नाही. मधे डिस्क नसल्यामुळे पिस्टन बाहेर सरकतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत आत जात नाही. चाक काढताच पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घालून ठेवा आणि घरातल्या लहान मुलांना गाडीपासून लांब ठेवा, त्यांचा हात सगळ्यात आधी लिव्हरवरच जातो. कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणारा भाग, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका, सुतळीनं फोर्कला बांधा. पिस्टन मागे ढकलावे लागले तर वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल भरून वाहू शकतं आणि ते रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. चाक जमिनीवर डिस्कच्या बाजूनं ठेवू नका, आणि डिस्कला ग्रीसचा हात लागला असेल तर स्पिरिटनं पुसा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे, त्यामुळे डिस्कजवळ खाचांचं एक कडं आणि त्याच्यासमोर छोटा सेन्सर दिसेल. त्याला चाकाचा धक्का लागू देऊ नका, वायर आधी होती त्याच वाटेनं परत न्या.

फोर्कच्या पायाला एक्सल आवळून धरणारा आडवा बोल्ट असेल तर आधी एक्सल आवळा, गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा खाली दाबा म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय आपल्या जागी बसतील, आणि मग तो आडवा बोल्ट. शेवटी लिव्हर पंपासारखा मारत राहा. पहिले काही दाब पोकळ जातील, पॅड डिस्कला भिडले की लिव्हर कडक लागेल. तो कडक होईपर्यंत इंजिनसुद्धा चालू करू नका. चाक बसवून निघालेला माणूस पहिल्या वळणावर ब्रेक दाबतो आणि लिव्हर मुठीला टेकतो, हे दर वर्षी एकदा तरी माझ्या कानावर येतं.

दोन्ही गाड्यांना पहिली फेरी अंगणातच, चालण्याच्या वेगानं, दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून. मग वाडीच्या रस्त्यावर पन्नास-शंभर मीटर. दुसऱ्या दिवशी आणि साधारण ५० किलोमीटर झाल्यावर एक्सलचे आणि पट्टीचे नट पुन्हा पान्यानं बघा. नव्यानं बसवलेलं चाक थोडं स्थिरावतं, नट अर्धा फेरा घेतो कधीकधी. पान्याची एक जोडी आणि दोन कॉटर पिना सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीतच राहू द्या.